तुम्ही विचारलेत म्हणून: मी जॅक जॉन्सन का शिकवतो

मुलामुलींना बॉक्सिंग शिकवताना तुम्ही जॅक जॉन्सन या हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय जगज्जेत्याच्या लढतींच्या जुन्या फिल्म का दाखवता, बायकांवर हात उचलणारा माणूस त्यांच्यापुढे कशाला ठेवता, असे पालक मला विचारतात. याच्या अगदी उलट बाजूने येणारा प्रश्नही तितक्याच वेळा ऐकावा लागतो: ज्याच्यावर अमेरिकेने एवढा अन्याय केला, ज्याला 2018 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी मरणोत्तर माफी दिली, त्याच्याविषयी बोलताना तुम्ही मध्येच गप्प का होता? आजवर दोन्ही बाजूंना मी तुटक उत्तरे दिली, आणि प्रत्येक बाजूने मला दुसऱ्या बाजूचा ठरवले. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी रिंगमधले सांगतो, कारण तिथे माझ्या मनात कसलाही संशय नाही. बचाव ही आक्रमणाची पहिली पायरी आहे, हे जॉन्सनइतके स्पष्ट दाखवणारा त्या काळातला दुसरा हेवीवेट मला माहीत नाही. हात उघडे ठेवून समोरच्याचा ठोसा निघताच त्याच्या दंडावर किंवा ग्लोव्हवर तो अडवायचा, अर्धे पाऊल मागे घेऊन त्याला पोकळीत पाडायचे आणि क्लिंचमध्ये, म्हणजे अंगाला भिडून, जवळ आला की खालून वर जाणारा अपरकट ठोसा द्यायचा, हे त्याचे तंत्र 4 जुलै 1910 च्या अमेरिकेतल्या रिनो इथल्या लढतीत आजही पाहता येते. तिथे निवृत्तीतून परत आणलेला गोरा माजी जगज्जेता जिम जेफ्रीज पंधराव्या फेरीत कोसळला. हीच शैली गोऱ्या जिम कॉर्बेटने वापरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला शास्त्रशुद्ध म्हटले. जॉन्सनने वापरली तेव्हा तिला आळस आणि भित्रेपणा अशी नावे पडली. तोच कॉर्बेट रिनोमध्ये जेफ्रीजच्या कोपऱ्यात उभा राहून जॉन्सनला वर्णद्वेषी शिव्या देत होता. मी जॉन्सन शिकवतो याचे पहिले कारण एवढेच आहे की त्याचे पाय आणि त्याचा डावा हात पाहिल्याशिवाय पुढचे अर्धे बॉक्सिंग समजत नाही.

यावर पालकांपैकी जे थोडे वाचलेले असतात ते म्हणतात की त्याच्या वागण्यामुळेच त्याच्यानंतरच्या कृष्णवर्णीयांचे दार बंद झाले. 1915 मध्ये हवानात जेस विलार्डकडून तो हरला आणि 1937 मध्ये जो लुईसला संधी मिळेपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. काळाचा हिशेब बरोबर आहे, पण कारण चुकीचे आहे. जॉन्सनच्या आधी पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा होऊन गेला. त्याच्या सभ्यतेबद्दल गोऱ्या पत्रकारांनीही आदराने लिहिले. 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो कॉर्बेटशी 61 फेऱ्या लढला आणि निकाल लागला नाही. तरीही तेव्हाचा जगज्जेता जॉन सुलिव्हन याने कृष्णवर्णीयाशी लढणार नाही असे सांगून त्याला दूर ठेवले, आणि पुढच्याच वर्षी सुलिव्हनला हरवून जगज्जेता झालेल्या कॉर्बेटनेही त्याला जेतेपदाची लढत दिली नाही. चांगल्या वागणुकीने ते दार उघडणार असते तर जॅक्सनसाठी उघडले असते. जॉन्सनला तेव्हाचा गोरा जगज्जेता टॉमी बर्न्स याच्या मागे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जावे लागले. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत पोलिसांनी चौदाव्या फेरीत लढत थांबवली तेव्हा तो जगज्जेता झाला. त्या लढतीचे हरणाऱ्या बर्न्सला 30,000 डॉलर आणि जिंकणाऱ्या जॉन्सनला 5,000 डॉलर मिळाले.

तरुणपणी मी इथेच थांबत असे आणि जॉन्सन हा आपल्या लोकांसाठी लढणारा योद्धा होता असे ठासून सांगत असे. त्या तरुणाला आज मी सॅम लँगफर्ड या दुसऱ्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याबद्दल विचारीन. 1906 मध्ये चेल्सी, मॅसॅच्युसेट्स इथे जॉन्सनने आपल्याहून बुटक्या आणि बऱ्याच हलक्या लँगफर्डला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले होते, पण जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्डला पुन्हा कधीच संधी दिली नाही. जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे या कृष्णवर्णीयांनाही दिली नाही. जेतेपद पणाला लावून तो एकाच कृष्णवर्णीयाशी लढला, 1913 मध्ये पॅरिसमध्ये बॅटलिंग जिम जॉन्सनशी, आणि ती लढत बरोबरीत सुटली. लँगफर्ड पुढे आंधळा झाला, आणि 1944 मध्ये एका पत्रकाराने शोधून काढला तेव्हा तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दारिद्र्यात दिवस काढत होता. दोन कृष्णवर्णीयांची लढत पाहायला पैसे देणारे प्रेक्षक मिळत नाहीत, हे जॉन्सनचे कारण खोटे नव्हते. पण कृष्णवर्णीयांना दूर ठेवणाऱ्या ज्या रेषेने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली ती रेषा त्याने स्वतःच्या सोयीसाठी तशीच राहू दिली, हेही खोटे नाही. मी या दोन वाक्यांमध्ये कितीदा तरी येरझाऱ्या घातल्या आहेत.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहितो आहे तो सांगतो. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी जॉन्सनचा बचाव फार लवकर आत्मसात करत होती. पुढचा कोणता ठोसा येणार हे ती समोरच्याच्या खांद्यावरून ओळखत असे. एके संध्याकाळी सराव संपल्यावर, बाकीचे हातांच्या पट्ट्या सोडत असताना, ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, एटाबद्दल तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत." तिने स्वतः शोधून वाचले होते. एटा ड्युरिया ही जॉन्सनची गोरी पत्नी. 1910 च्या नाताळच्या सुमारास त्याने तिला इतके मारले की तिला रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी 1911 मध्ये, त्यांचे लग्न झाले. गोऱ्या समाजाने तिला टाकले होते, कृष्णवर्णीयांमध्येही तिला जागा मिळाली नाही, आणि नवऱ्याच्या आयुष्यात इतर बायका होत्याच. सप्टेंबर 1912 मध्ये शिकागोत, जॉन्सनच्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर राहत्या घरी, तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तीन महिने उलटायच्या आत, डिसेंबरमध्ये, त्याने लुसिल कॅमेरॉन या दुसऱ्या गोऱ्या तरुणीशी लग्न केले.

ज्या खटल्यासाठी पुढे 2018 ची माफी मिळाली त्याची हकिकत मी त्या मुलीला सांगू लागलो. लुसिलच्या आईच्या तक्रारीवरून जॉन्सनला ऑक्टोबर 1912 मध्ये अटक झाली. लुसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिल्यावर सरकारने बेल श्रायबर या त्याच्या जुन्या मैत्रिणीला शोधून आणले. स्त्रीला अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धच्या मान कायद्याखाली, सगळे सदस्य गोरे असलेल्या ज्युरीने 1913 मध्ये त्याला दोषी ठरवले आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. त्याच सुमारास जॉर्जियाच्या एका खासदाराने कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या विवाहावर देशभर बंदी घालण्यासाठी घटनादुरुस्ती मांडली होती. शिक्षा चुकवून सात वर्षे परदेशात काढून जॉन्सन 1920 मध्ये शरण आला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून बाहेर पडला. मी हे सगळे तळमळीने सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी खटल्याबद्दल विचारलंच नव्हतं, सर."

माझे उत्तर खोटे नव्हते आणि त्यातला प्रत्येक शब्द मी आजही सांगेन. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ती पुढेही सरावाला येत राहिली, मात्र फिल्म लावली की उठून दोरीच्या उड्या मारायला जाऊ लागली. मी तिला अडवले नाही. एकदा तिच्या आईशी बोलताना मला जे कळले त्याबद्दल इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. तो प्रश्न तिला पुस्तकातून पडला नव्हता, एवढेच सांगतो.

तेव्हापासून मला एक गोष्ट फार टोचते. एटाला मारल्याबद्दल जॉन्सनवर कधी खटला चाललाच नाही. ज्यांना त्याला तुरुंगात घालायचे होते त्यांना एटाच्या जखमांशी कर्तव्य नव्हते. गोऱ्या स्त्रिया त्याच्याबरोबर स्वखुशीने राहतात, हा त्यांच्या लेखी त्याचा गुन्हा होता. जो आरोप झाला तो अन्यायाचा होता, म्हणून 2018 ची माफी योग्यच आहे आणि ती फार उशिरा आली असे मी मानतो. पण त्या माफीने एटाच्या बाबतीत काहीही धुऊन निघत नाही, कारण तिच्या बाबतीत कोणी आरोपच ठेवला नव्हता. माफीचा कागद माझ्यापुढे नाचवणाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही.

पालकांनाही माझे दुसरे म्हणणे आवडत नाही. तुम्ही "त्याचे वागणे" म्हणता तेव्हा त्याचे सोन्याचे दात, त्याच्या भरधाव गाड्या, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसणे, गोऱ्या स्त्रियांशी लग्न करणे आणि बायकोला मारणे हे सारे एकाच यादीत घालता. यातली पहिली चार कामे करण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. पुढे जो लुईसला त्याच्या व्यवस्थापकांनी घालून दिलेले नियम, म्हणजे गोऱ्या बाईबरोबर छायाचित्र काढू नकोस, हरलेल्या गोऱ्यासमोर आनंद दाखवू नकोस, हे जॉन्सनची चूक सुधारणारे नियम होते असे मला मुळीच वाटत नाही. ते त्या देशाच्या भीतीपुढे वाकणारे नियम होते, आणि लुईसने ते पाळले याचे मला दुःख होते. पण यादीतले शेवटचे काम पहिल्या चारांच्या शेजारी ठेवले की एकतर हसणेही गुन्हा ठरते, नाहीतर मारणेही बंडखोरी ठरते, आणि दोन्ही बाजूंनी एटाच वगळली जाते.

मग जॉन्सन आज जिवंत असता तर मुलींना शिकवायला मी त्याला बोलावले असते का? नसते. त्याची फिल्म मात्र दाखवतो, आणि हा भेद कशाच्या जोरावर करतो असे तुम्ही विचारले तर माझ्याकडे एवढेच आहे की फिल्ममधून बचाव शिकता येतो आणि तो बचाव मुलींना हवा आहे. त्या मुलीला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. रात्री हॉल बंद करताना मलाही ते पुरेसे वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी कोणी नवे मूल ठोशाला घाबरून डोळे मिटताना दिसले की मी पुन्हा रिनोची पंधरावी फेरी लावतो.