आमचा ग्रिफी
लहानपण सिएटलमध्ये गेलं, त्यामुळे घरात क्रिकेट आणि बाहेर तिथली बेसबॉल टीम मरिनर्स, आणि माझा हिरो एकच, २४ नंबरचा केन ग्रिफी ज्युनियर. उलटी टोपी आणि तो डावखुरा स्विंग, अहाहा, इतकं सुंदर बॅट फिरवताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलंच नाही!! ८ ऑक्टोबर १९९५, न्यूयॉर्कच्या यांकीज टीमविरुद्ध प्लेऑफची (बाद फेरीची) पाचवी, निर्णायक मॅच, ११वी इनिंग, एडगर मार्टिनेझने डाव्या बाजूला डबल (स्वतः दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका) मारला आणि ग्रिफी फर्स्ट बेसवरून जो सुटला तो थेट होम प्लेटलाच, जिथे पोहोचलं की धाव मिळते, ६-५ ने जिंकलो, आणि सगळे त्याच्या अंगावर, खाली हा हसतोय. बाबा तर सोफ्यावरच उभे राहिले होते. पुढे त्याचे एकूण ६३० होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे फटके) झाले, २०१६ मध्ये बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव पण गेलं, पण मला अजून ती धावच आठवते.