आमच्या काउंटीचं उत्पन्न कोण आणि कसं ठरवतं

गेल्या महिन्यात जनगणना खात्याचं पत्र आलं. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेसाठी तुमचा पत्ता निवडला गेलाय, उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. घरात माणसं किती, खोल्या किती, कामाला किती वाजता निघता आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्येकाला पगार, व्याज, भाडं, पेन्शन मिळून किती पैसे आले, सगळं विचारलेलं. नवरा म्हणाला, "पगार आपण सख्ख्या भावाला सांगत नाही, यांना कशाला?" मी पुण्यात संख्याशास्त्र शिकलेय. मी त्याच रात्री फॉर्म भरून टाकला.

आम्ही व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. घरटी उत्पन्नाच्या मध्यकात, म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावली तर बरोबर मधल्या घराच्या उत्पन्नात, लाउडन बहुतेकदा देशात पहिली असते, दीड लाख डॉलरच्या वर. इकडची मराठी मंडळी हे अभिमानाने सांगतात. मला कौतुक आहे ते हा आकडा काढण्याच्या पद्धतीचं.

सर्व्हे दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर जातो. मोठा वाटतो, पण काउंट्या आहेत 3,100 च्या वर. 65 हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीचा एका वर्षाचा सर्व्हेचा आकडा छापतच नाहीत, कारण तो भरवशाचा नसतो. आता टेक्सासमधली लव्हिंग काउंटी घ्या. 2020 च्या जनगणनेत तिथे 64 माणसं होती, म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका गल्लीत मावतील इतकी. तिथल्या दोन-चार घरांनी फॉर्म भरला, तर त्यावरून मध्यक काय काढणार?

म्हणून छोट्या भागांच्या अंदाजांचा वेगळा कार्यक्रम आहे. प्राप्तिकर विवरणपत्रांतले एकत्रित आकडे आणि इतर सरकारी नोंदी घेऊन प्रत्येक काउंटीचं उत्पन्न किती असायला हवं याचं गणित मांडतात. मग सर्व्हेचा आकडा आणि हे गणित यांची सांगड घालतात. नमुना मोठा असेल, म्हणजे पुष्कळ घरांनी उत्तरं दिली असतील, तिथे सर्व्हेला जास्त वजन, नमुना तुटपुंजा असेल तिथे गणिताला. शेवटी प्रत्येक आकड्याशेजारी 90 टक्के खात्रीची खालची आणि वरची मर्यादा छापतात. सरकार स्वतःच्या आकड्याशेजारी लिहितं की तो इतका इकडेतिकडे असू शकतो! मला हे फार मोठं वाटतं. याच कार्यक्रमातल्या गरीब मुलांच्या अंदाजांवरून शाळांना केंद्राचा निधी वाटला जातो, त्यामुळे चूक कुठे असू शकते हे सांगणं त्यांना भागच आहे.

वर्षावर्षांची तुलना मात्र जपून करावी लागते. 2005 पासून या अंदाजांचा आधार हा सर्व्हे झाला. त्याआधी दुसरा, बराच लहान सर्व्हे वापरत, ज्यात कित्येक काउंट्यांतलं एकही घर नसायचं. 2004 आणि 2005 चे आकडे शेजारी ठेवून "उत्पन्न वाढलं" म्हणता येत नाही. महागाई वजा करायची ती वेगळीच.

आणि माणसंच बदलतात, त्याचं काय? लाउडनमध्ये 1990 साली 86 हजार लोक होते, 2020 मध्ये 4 लाख 20 हजार. दुधाचे गोठे गेले, ॲशबर्नला डेटा सेंटर आली, आणि आमच्यासारखे आले. मध्यक वर गेला म्हणजे जुना शेतकरी श्रीमंत झाला असं नाही. तो कदाचित घरपट्टी परवडेना म्हणून जमीन विकून गेलाही असेल. आम्ही कुणाला हुसकावलं असं मी म्हणणार नाही. आम्ही घर रीतसर विकत घेतलं, कर भरतो, शाळा त्यावरच चालतात. पण आकड्यात ती वाढ आमच्या येण्याचीही आहे.

"बघा अमेरिका" म्हणणाऱ्यांना एक सांगते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे पुण्यातल्या कुटुंबांची घरोघर पाहणी 1930 च्या दशकात केली. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशोब 1971 मध्ये मांडला. आपल्याकडे शास्त्राची कमतरता कधीच नव्हती.

तरीही आज राज्याची आर्थिक पाहणी उघडली की जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न दिसतं, आणि तीही सरासरी. शिवाय ते जिल्ह्यात काय उत्पादन झालं त्यावरून काढलेलं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज चंद्रपूरच्या खात्यात जमा होते, पण तिथल्या मधल्या घरात महिन्याला किती येतात हे त्यातून कळत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला खेटे घालणाऱ्या माझ्या मामेभावाला आपला तालुका उत्पन्नात कुठे आहे हे कुठल्याच कागदावर सापडत नाही.

केंद्राने घरटी उत्पन्नाची पाहणी जाहीर केली आहे. तिच्यातून जिल्ह्याचे मध्यक निघाले, तर त्यांच्या शेजारी दोन्ही मर्यादाही छापाव्यात. वाशीम, नंदुरबार, गडचिरोलीच्या आकड्यांशेजारी तर आधी.