आमची वाटचाल : जुन्या थिओडोलाइटच्या सोबतीने

नाशिकच्या भांडी बाजाराजवळील एका खोलीत वडिलांनी ऐंशीच्या दशकात मोजणीच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे काम सुरू केले. त्यांचा हात लेथवर तयार झालेला होता आणि पितळकाम जाणणाऱ्या माणसांची या गावात वाण नव्हती. ठेकेदारांचे डंपी लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) आणि तंत्रनिकेतनांचे थिओडोलाइट (आडवे-उभे कोन मोजणारी दुर्बीण) यांवर आमचे घर अनेक वर्षे चालले.

वडील दुरुस्तीआधी कोन वाचायला शिकवत. व्हर्निअर थिओडोलाइटच्या आडव्या तबकडीवर, पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर, बहुधा वीस-वीस मिनिटांच्या रेघा कोरलेल्या असतात (कोनाच्या मापात अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, मिनिटाचा साठावा भाग म्हणजे सेकंद). शेजारच्या व्हर्निअरवर, म्हणजे सरकत्या छोट्या मोजपट्टीवर, चांदीच्या पट्टीच्या 59 भागांएवढ्या लांबीत 60 भाग पाडलेले असल्याने दोहोंच्या एकेका भागात 20 सेकंदांचा फरक पडतो, आणि कितवी रेघ समोरच्या रेघेशी तंतोतंत जुळते हे भिंगातून पाहून तेवढा बारीक कोन वाचता येतो. तबकडीचा मध्य आणि फिरण्याचा आस अगदी एकाच बिंदूत आणणे कोणत्याही कारागिराला साधत नाही. म्हणून 180 अंशांवर समोरासमोर दोन व्हर्निअर ठेवून त्यांची सरासरी घेतात. दुर्बीण उलटवून तोच कोन पुन्हा मोजला, की दृष्टिरेषेचा दोषही सरासरीत कटतो. घडणीत राहिलेला दोष मोजण्याच्या रीतीने काढून टाकण्याची ही योजना मला आजच्या कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक देखणी वाटते.

दुरुस्ती करणाऱ्यांनाही भारताच्या मोजणीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचा 36 इंची तबकडीचा, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना भिंतीवर आदळला, तेव्हा वाकलेली तबकडी त्यांनी स्वतःच सरळ केली. (याच लॅम्बटन यांचा मृत्यू 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला झाला.) पुढे भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या उपकरणांची जबाबदारी अर्काटचे सय्यद मीर मोहसिन यांनी सांभाळली, वडील त्यांचे नाव नेहमी आदराने घेत.

टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आल्यावर ठेकेदार गेले आणि काही वर्षे तंत्रनिकेतनांच्या कामावरच भागवावे लागले. त्यानंतर जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून निघालेली उपकरणे घेऊन संग्राहक येऊ लागले. आता सातपूरच्या गाळ्यात बहुतेक काम त्यांचेच असते.

ग्राहकाला पितळ आरशासारखे हवे असते, आणि इथेच आमचे मतभेद होतात. चांदीची पट्टी आम्ही पॉलिश करत नाही, कारण रेघा उथळ असतात आणि एकदा पुसट झाल्या की उपकरण मोजण्याच्या कामाचे राहत नाही. क्रॉसहेअर (दुर्बिणीतले नेम धरण्याचे आडवे-उभे धागे) मूळचे कोळ्याच्या धाग्याचे असतील, तर नवेही त्याच धाग्याचे ताणून बसवतो. शोभेसाठी घडवलेल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. त्यांच्या व्हर्निअरचे शून्य तबकडीच्या शून्यावर आणले, तर शेवटची रेघ बहुधा कशाशीच जुळत नाही.

उपकरण आणताना त्याची लाकडी पेटीही अवश्य आणावी, कारण ओळंबा, जुळवणीची सळई आणि जादा नेत्रिका (डोळ्याजवळची भिंगे) बहुधा तिच्याच खणांत अडकून राहिलेल्या असतात.