उलट्या वाऱ्याचे दोन तास

शेजारच्या काकू भर दुपारी विमानाच्या तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या. दिल्ली ते टोकियो. मुलाकडं निघाल्यात. अंतर साधारण 5,850 किलोमीटर आहे म्हटल्यावर त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. "ते ऱ्हाऊ दे. बसायचं किती तास?" बरोबरच आहे. सांगलीत पुणं कुणी किलोमीटरनं मोजत नाही. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता कसा आहे, त्यावर पुणं जवळ की लांब हे ठरतं.

तिकीट बघून काकू खूश होत्या. जाताना रात्री नऊला सुटून सकाळी आठला टोकियो, म्हणजे अकरा तास. येताना सकाळी साडेअकराला सुटून संध्याकाळी साडेपाचला दिल्ली, म्हणजे सहाच. पण जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. इकडं वजा, तिकडं अधिक केलं की जाताना साडेसात आणि येताना साडेनऊ.

"येताना विमान दमतंय व्हय?"

दमत नाही काकू, वारा आडवा येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वारा धावत असतो. हिवाळ्यात जपानवर तर ताशी 200-300 किलोमीटरनं. 1920 च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञानं फुगे सोडून तो मोजला आणि निष्कर्ष छापले एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी बनवलेल्या भाषेत. जगाला कळावं म्हणून. जगानं वाचलेच नाहीत.

आम्हाला हा वारा हरिपूरच्या रस्त्यावर कळला होता. श्रावणी सोमवारी संगमेश्वराच्या जत्रेला सायकली काढायच्या. जाताना वारा तोंडावर. सीटवरून उठून, हनुवटी हँडलला टेकेस्तोवर वाकून पायडल मारायचं, तरी पायी चाललेली म्हातारी पुढं जायची. मध्येच हळदीचा वास यायचा. तिथं जमिनीत हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे खोल खड्डे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा मारते, असं मोठी माणसं बजावायची. 2005 च्या महापुरानं त्या पेवांची पार वाट लावली. येताना मात्र शर्टात वारा भरायचा, पायडलवर पाय नुसते ठेवायचे. सायकल पंक्चर असली तरच वेळ लागायचा.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी प्रिंटची चार घड्यांची पट्टी केली. "म्हणजे त्या वक्ताला पण वारा उलटाच आसणार," म्हणाल्या.

काका गेले ते जानेवारीत. मुलगा टोकियोहून निघाला होता आणि आम्ही गल्लीतली माणसं ओट्यावर बसून विमान किती तासांचं, यावर बोलत होतो. कुणी सात म्हणालं, कुणी दहा. पुढं दिल्लीहून पुणं, पुण्याहून इथवर गाडी. शेवटी पुतण्यानं अग्नी दिला.