मुलांचा पहिला मासा: ब्लूगिलसाठी सगळं लहान घ्या

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना गळाने मासे पकडायला शिकवायचं असेल, तर बास आणि ट्राउट काही दिवस बाजूला ठेवा. सुरुवात ब्लूगिल या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशापासून करा. पार्कातलं तळं, धरणाच्या पाण्याचा शांत कोपरा, पाणी भरलेली जुनी खाण, अशा ठिकाणी तो हमखास भेटतो. अंगाने चपटा, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळा ठिपका, पाठीवरच्या पराच्या मागच्या बाजूला आणखी एक पुसट काळा डाग. सहा ते आठ इंचांचा मिळाला की झकास. अलाबामात 1950 साली पावणेपाच पौंडांचा सापडला होता, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, पण तसली स्वप्नं मुलांना दाखवू नका.

हा मासा भुकेला, धीट आणि काठालगत राहणारा. तरी नवशिक्यांची गांडुळं फस्त होतात आणि हाती काही लागत नाही, कारण गळ मोठा असतो. ब्लूगिलचं तोंड इतकं छोटं की आठ इंची माशाच्या तोंडात करंगळीचं टोक जेमतेम शिरतं. कार्टून छापलेल्या तयार किटमधला गळ त्यात मावतच नाही. मासा बाहेर लोंबणारं आमिष कुरतडून निघून जातो. म्हणून 8 किंवा 10 नंबरचा, बारीक तारेचा, लांब दांडीचा गळ घ्या. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. लांब दांडी असली की गळ काढताना बोटांना धरायला जागा मिळते. घरीच पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. एखादा मासा सुटेल, पण गळ माशाच्या तोंडातून आणि वेळ आलीच तर मुलाच्या बोटातूनही सहज निघेल.

सहा-सात वर्षांच्या मुलाला रीळ नसलेली आठ-दहा फुटी बांबूची किंवा फोल्डिंग काठी द्या. काठीएवढीच दोरी टोकाला बांधायची, झालं. फेकण्याची कटकट नाही, गुंता नाही, आणि मासा तसाही काठापासून दहा फुटांवरच असतो. थोड्या मोठ्या मुलाला बटण दाबून दोरी सोडायचं रीळ आणि पाच-साडेपाच फुटी हलकी काठी चालते. रिळावर चार पौंडी, म्हणजे चार पौंडांचा ताण सोसणारी, नायलॉन दोरी भरा. किटसोबत आलेली जाड दोरी गुंडाळ्या होऊन पडते आणि हलका गळ पुढे जातच नाही.

गळ बांधायची गाठ एकच शिकवा. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळा, मग ते डोळ्यालगतच्या छोट्या फटीतून आणि त्यानंतर नव्याने झालेल्या मोठ्या फासातून काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळली की घासून तापते, दोरी तिथे कच्ची होते आणि पहिल्या बऱ्या माशाला तुटते. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

गळाच्या वर सहा इंचांवर एक बारीक वजन चिमटून लावा. शिसं टाळून कथलाचं घ्या. पडलेल्या शिशाच्या गोळ्या गिळून लून पक्षी मरतात म्हणून न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला 2004 पासून बंदी आहे. ईशान्येच्या आणखी काही राज्यांतही असे नियम आहेत. आणि वजन दातांनी दाबायची सवय मुलांना लावूच नका.

बॉबर, म्हणजे मासा लागल्याचं कळावं म्हणून दोरीवर बसवायचा तरंगता तुकडा, पाऊण ते एक इंचाचा पुरे. लांबट काडीसारखा मिळाला तर उत्तमच. लाल-पांढरा मोठा गोळा दिसतो छान, पण तो खाली ओढताना माशाला जोर लागतो, संशय येतो आणि तो आमिष थुंकतो. बॉबर पाण्यात टाकून बघा: अर्धा बुडायला हवा. सगळा वर तरंगत असेल तर वजन थोडं वाढवा.

आमिषाला गांडूळ, तेही अख्खं नाही. अर्धा इंचाचा तुकडा गळावर असा ओवा की टोक जेमतेम झाकलं जाईल आणि शेपूट लोंबणार नाही. गांडूळ हातात धरवत नसेल तर चपातीची कणीक घट्ट मळून वाटाण्याएवढी गोळी लावा. ब्लूगिल ती आवडीने खातो, पण ती लवकर विरघळते, दर चार-पाच मिनिटांनी नवी लावावी लागते.

मे-जूनमध्ये पाणी 20 ते 27 अंश सेल्सियस झालं की काठालगतच्या उथळ पाण्यात ताटाएवढे फिकट, गोल खड्डे एकमेकांना लागून दिसतात. ती त्यांची अंडी घालायची जागा. तिथे दोन-तीन फूट खोल गळ सोडला की मासा लागायला वेळ लागत नाही. पण खड्ड्यावर पहारा देणारे मोठे मासे नर असतात. तेच सगळे उचलले तर अंडी उघडी पडतात, आणि पुढे तळ्यात खुरटेच मासे उरतात. त्या दिवसांत मोठे सोडा, मधले ठेवा. जुलैच्या दुपारी मात्र काठाला फक्त चिल्लीपिल्ली असतात. तेव्हा धक्क्याच्या सावलीत, पडलेल्या झाडापाशी किंवा पाणवनस्पतींच्या कडेला आठ-दहा फूट खोल जा, नाहीतर सरळ सकाळी लवकर या.

बॉबर थरथरला की मुलं काठी हिसकतात. त्यांना थांबवा. थरथर म्हणजे मासा चाखतोय. बॉबर बुडाला किंवा तिरका सरकू लागला की मनगटाने काठी नुसती वर उचलायची. बॉबर अचानक आडवा पडला तरी उचला. माशाने आमिष वजनासकट वर नेलंय. दहा मिनिटांत काहीच हललं नाही तर आधी बॉबर दोरीवर सरकवून खोली एक फुटाने बदला, मग जागा.

मासा धरण्याआधी हात ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. पाठीच्या परात दहा टोकदार काटे असतात, म्हणून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पर दाबून धरायचा. गळ पार घशात गेला असेल आणि मासा सोडायचा असेल तर ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापा.

टोपी, डोळ्यांना चष्मा, धक्क्यावर लहान मुलाला लाइफ जॅकेट. यावर वाद नको. ईशान्येत उंच गवतातून आल्यावर अंगावर गोचीड तपासा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, कॅलिफोर्नियात 16 वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. टेक्सास आणि मिशिगनमध्ये 17 खाली. आई-बाबांनी स्वतः गळ टाकला की त्यांना लायसन्स हवं. जूनच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांत एखादा शनिवार-रविवार सगळ्यांना मोफत असतो, तारखा राज्याच्या साइटवर बघा.

उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका, कचऱ्यात टाका; उत्तरेकडच्या जंगलांत ती मूळची नाहीत आणि पालापाचोळा संपवून टाकतात. मासे एका तळ्यातून दुसऱ्यात तर मुळीच नको. 1960 मध्ये शिकागोहून जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट मिळालेले ब्लूगिल पुढे जपानमधल्या बिवा तलावापर्यंत पसरले, आणि 2007 मध्ये, सम्राट असताना, त्याच अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

खायचे असतील तर त्या तळ्यातले मासे किती खावेत, याची राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना आधी वाचा. मासा लगेच बर्फावर ठेवा. घरी चमच्याने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा, पोट साफ करा, दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्या. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून वीस मिनिटं ठेवा, मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे घेऊन त्यात घोळवून तव्यावर तळा. रोहूसारखे मांसात विखुरलेले दुफाटी काटे यात नसतात. पाठीचा भाग मुलांना सहज खाता येतो. पोटाकडच्या बरगड्या मात्र आधी काढून द्या.