अंगावर ‘ॲसिडिटी’ उठली तेव्हा

पंधरा दिवसांच्या रजेवर कोल्हापुरात आलो आहे. मंगळवार पेठेतल्या ताईच्या घरी सध्या भाच्याच्या बॅगा भरणे चालू आहे, कारण सप्टेंबरमध्ये तो शिक्षणासाठी इंग्लंडला येणार आहे. डंकावरून कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला ताई डब्यात दाबून भरत होती. या डब्यावर आतल्या जिनसांची चिठ्ठी लाव, असे मी म्हणताच ती म्हणाली, “त्यात काय लिवायचं? मसाला म्हंजे मसाला!” तिला समजावताना मला माझी जुनी फजिती सांगावी लागली.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला तो माझा पहिलाच हिवाळा होता. एका सहकाऱ्याकडे कोळंबी खाऊन परतलो आणि रात्री अकराच्या सुमारास अंगभर लालबुंद गांधी उठल्या. आपल्या घरी याला ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळतात. आमसूल जवळ नव्हते, म्हणून वैद्यकीय सल्ल्यासाठी असलेल्या 111 या क्रमांकावर फोन केला. पित्त म्हणजे ॲसिडिटी हे समीकरण डोक्यात पक्के असल्याने, माझ्या सर्वांगावर ॲसिडिटी आली आहे, असे मी इंग्रजीत सांगितले. पलीकडच्या बाईंनी अतिशय गंभीर आवाजात विचारले की, कोणते ॲसिड सांडले, किती वेळ झाला आणि ती जागा पाण्याने धुतली का. तो गोंधळ निस्तरतो न निस्तरतो तोच त्यांनी विचारले, “आर यू व्हीझिंग?” मला ते ‘फ्रीझिंग’ ऐकू आले. जानेवारी होता, हीटर बंद होता; मी प्रामाणिकपणे “यस, अ लिटल” म्हणालो. त्यानंतर त्यांचा सूरच बदलला, दार उघडे ठेवायला सांगितले गेले आणि थोड्या वेळात रुग्णवाहिका दारात उभी राहिली. छाती तपासून झाल्यावर, श्वास मोकळा आहे याची खात्री पटलेल्या त्या माणसाने ‘व्हीझ’ म्हणजे काय, हे श्वास सोडताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज काढून मला दाखवले. आई ज्याला ‘छातीत सूं सूं वाजतंय’ म्हणते तेच ते!

पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या मला प्रकाशसंश्लेषणाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत होते, पण अंगावरच्या गांधींना काय म्हणतात ते येत नव्हते. तो शब्द ‘हाइव्ज’. मधमाश्यांच्या पेट्यांनाही हाच शब्द आहे, त्यामुळे लक्षात राहायला सोपा. डॉक्टर या गांधींना ‘अर्टिकेरिया’ म्हणतात. ‘अर्टिका’ हे स्पर्शाने आग आणि खाज उठवणाऱ्या एका झुडपाचे लॅटिन नाव आहे. आपल्या खाजकुयलीशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते काही नाही, स्वभाव मात्र तोच. आपल्या एकट्या ‘पित्ता’च्या पोटात छातीतली जळजळ, मळमळ, अर्धशिशी आणि गांधी असे सगळे मावते, तिकडे या प्रत्येकासाठी निराळा शब्द लागतो आणि तो चुकला की विचारपूस भलत्याच दिशेने जाते.

भाच्याला मी सर्वांत आधी जी वाक्ये पाठ करायला लावली ती सुजेची आणि श्वासाची होती: जीभ सुजते आहे, घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास घेता येत नाही, भोवळ येते आहे. ही लक्षणे दिसली तर 111 नव्हे, 999 हा तातडीचा क्रमांक फिरवायचा आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, हा शब्द उच्चारायचा. हा शब्द शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1902 मध्ये घडवला, आणि रिशे यांना त्या संशोधनासाठी 1913 चे नोबेल मिळाले. ‘ॲलर्जी’ त्यानंतरचा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा, 1906 मधला. ज्यांना असा धोका असतो ते ॲड्रेनॅलिनचे पेनसारखे इंजेक्शन जवळ बाळगतात आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. त्याच ॲड्रेनॅलिनला अमेरिकेत ‘एपिनेफ्रिन’ म्हणतात, आणि आपल्या क्रोसिनमधले पॅरासिटामॉल तिथे ‘ॲसिटामिनोफेन’ होते.

मला सर्वांत जड गेला तो मात्र आपला ‘बाधणे’ हा शब्द. वांगे बाधते, दूध बाधते, इंजेक्शन बाधले. आपण सगळे एकाच क्रियापदावर भागवतो. तिकडे दुधातली साखर पचत नसेल तर ते ‘इन्टॉलरन्स’, शरीराची प्रतिकारशक्तीच दुधातल्या प्रथिनांवर उठली तर ती ‘ॲलर्जी’, आणि औषधाने नुसती मळमळ झाली तर तो ‘साइड इफेक्ट’. दवाखान्यातल्या अर्जावर ॲलर्जीच्या रकान्यात मी ‘काही नाही’ लिहिले होते. नंतर आईला फोनवर सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, “लहानपणी तुला एक इंजेक्शन बाधलं होतं की! तोंड हे एवढं सुजलं होतं.” कोणते इंजेक्शन? “ते काय ठावं बाबा, डॉक्टरांनी दिलेलं.” ते डॉक्टर आता नाहीत आणि कागदही नाहीत. म्हणून ताईला मी सांगितले आहे की, भाच्याला लहानपणी काही बाधले असेल तर घरच्या डॉक्टरांकडून त्या औषधाचे मूळ नाव, कंपनीने दिलेले नव्हे, इथून निघण्यापूर्वीच लिहून घे.

‘हे फीव्हर’चे थोडक्यात सांगतो: त्यात वाळके गवतही नसते आणि तापही नसतो, मे ते जुलैमधल्या गवताच्या परागकणांनी नाक आणि डोळे गळतात, एवढेच. आईने मात्र फीव्हर ऐकून काढ्याची कृती सांगितली होती.

आता त्या मसाल्याच्या डब्याकडे येतो. ब्रिटनमध्ये 14 ॲलर्जीकारक जिनसा कायद्याने जाहीर कराव्या लागतात. 2016 मध्ये नताशा एडनान-लापेरूझ ही 15 वर्षांची मुलगी एका पावात मळलेल्या तिळामुळे दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेखच नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे आणि दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या खाण्यावरही आता सगळे घटक लिहावे लागतात. घरगुती डब्याला तो लागू नाही, हे खरे. पण सामाईक स्वयंपाकघरात कोणी प्रेमाने चमचाभर मागून घेतला तर? ताईच्या मसाल्यात त्या 14 पैकी तीन निघाले: तीळ, मोहरी आणि, तिला स्वतःलाही ठाऊक नसलेला, गहू. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे मी तिला चष्मा लावून वाचायला लावली. त्यात गव्हाचे पीठ होते. खोबरे आणि खसखस त्या यादीत नाहीत, याचे तिला विशेष नवल वाटले.

मी चिठ्ठी लिहून तीन नावांखाली रेघा ओढल्या आणि डब्यावर चिकटवली. ताईने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, “सगळं लिवलंस, तिखट हाय म्हणून कुठं लिवलंस?”