नस शोधणारं अ‍ॅप खरंच नस शोधतं का?

मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, नंदुरबारकडे. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये जुलाब-उलट्यांची मुलं यायला लागली की दिवसभर एकच काम, सलाईन लावा, लाईन आऊट झाली (म्हणजे सुई नसेतून निसटली), परत लावा. अक्राणी, अक्कलकुव्याकडून बाळ येतं तोवर ते इतकं सुकलेलं असतं की डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहते, आणि अशा बाळाची नस म्हणजे दोऱ्यासारखी, ती पण दिसली तर.

मागच्या वर्षी ड्युटीवरच्या एका मुलीने मोबाईलमध्ये नस दाखवणारं अ‍ॅप टाकलं आणि आम्ही सगळ्या जमलो बघायला. स्वतःच्या हातावर कॅमेरा धरला तर काय मस्त नसा दिसल्या, हिरव्या-काळ्या रेषाच रेषा. मग रात्री दहा महिन्यांच्या बाळावर धरलं आणि काही नाही, नुसता हात.

याचं कारण मी नंतर वाचलं ते सांगते, कारण बऱ्याच जणींना वाटतं की मोबाईल जुना आहे म्हणून दिसत नाही. मोठ्या हॉस्पिटलात जे व्हेन फाइंडर मशीन असतं ते डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं आणि म्हणून नस काळी उमटते. मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात मात्र हाच प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. घरी करून बघा, टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा चमकताना दिसतो आणि मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही किंवा अगदी पुसट दिसतो. म्हणजे साधं अ‍ॅप काय करतं तर जो फोटो डोळ्याला दिसतो त्याचाच रंग गडद करतं. गोऱ्या, जाड नसेच्या हातावर छान दिसतं, पण सावळ्या, सुकलेल्या बाळाच्या हातावर जिथे खरी गरज तिथेच ते गप्प बसतं. आणि खऱ्या मशीनच्या पण मुलांवर ज्या चाचण्या झाल्या त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, कुठे फायदा दिसला कुठे नाही. अजून एक, तळहाताखालून मोबाईलचा फ्लॅश लावून नस बघतात ना, तो बराच वेळ चालू राहिला की तापतो, नवजात बाळाच्या कातडीला टेकवू नका.

मग मोबाईल काय कामाचा? माझ्या मते खूप कामाचा, पण वेगळ्या ठिकाणी.

नवीन होते तेव्हा मी एका बाळाला पाच वेळा टोचलं होतं. दोन्ही हात झाले, पाय झाला, घोट्याजवळची नस पण फुटली आणि निळा फुगा आला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आजी म्हणाली, "माय वं, कितलं टोचशी त्या पोरले? बस कर आते." मला मोठ्या सिस्टरांना उठवायची भीती वाटत होती म्हणून मी टोचत राहिले, हे खरं कारण. त्या आल्या आणि त्यांनी पिवळी, म्हणजे बारीक सुई एकदाच घातली, लागली.

तेव्हा मला दिवा (DIVA) स्कोअर, म्हणजे मुलाची नस मिळणं किती अवघड जाईल ते सांगणारा आकडा, माहीत असता तर! हा 2008 मध्ये आलेला अगदी साधा हिशोब आहे. पट्टा बांधून नस दिसत नसेल तर 2, बोटाला लागत नसेल तर 2, बाळ वर्षाच्या आतलं असेल तर 3, एक ते तीन वर्षांमधलं असेल तर 1, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर अजून 3. बेरीज 4 किंवा जास्त आली तर पहिल्या टोचण्यात लाईन न लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. माझ्या त्या बाळाचे 7 झाले असते. आता मोबाईलच्या कॅल्क्युलेटर अ‍ॅपमध्ये हे दहा सेकंदात होतं, आणि स्क्रीनवर आकडा दिसला की रात्री दोन वाजता सिनियरला उठवायला नव्या मुलीला धीर येतो. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीचं पण तेच म्हणणं, एकीने दोनच प्रयत्न करायचे, मग दुसरीला बोलवायचं.

थेंबांचा हिशोब पण तसाच. वर्षाच्या आतलं 8 किलोचं बाळ, खूप सुकलेलं, तर किलोला 100 म्हणजे 800 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), त्यातलं 240 पहिल्या तासात आणि 560 पुढच्या पाच तासांत. मायक्रो सेटवर (बारीक थेंबांची नळी, 1 मिलीचे 60 थेंब) मिनिटाला 240 थेंब कोण मोजणार, म्हणून 1 मिलीला वीस थेंबांच्या साध्या सेटवर मिनिटाला 80. झोपेत हा गुणाकार चुकतो, अ‍ॅप चुकत नाही. पण अ‍ॅपला बाळ कुपोषित आहे हे दिसत नाही आणि आमच्याकडे तशी बाळं खूप येतात, त्यांना इतक्या जोरात सलाईन दिली तर हृदयावर ताण येतो, त्यांचा हिशोब वेगळा आणि हळू, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब सोडायचे नाहीत.

आणि मोबाईलचं सगळ्यात चांगलं काम आईच्या हातात असताना होतं. तीन-चार वर्षांचं पोरगं सुई बघूनच किंचाळतं, त्याला पट्टा बांधायच्या दोन मिनिटं आधी फुगे फोडायचा गेम द्या, टोचायचा हात एकीकडे आणि फोन दुसरीकडे, त्याच्या डोळ्यांसमोर, म्हणजे मान आपोआप तिकडे वळते. चिकटपट्टी लावून होईपर्यंत फोन काढून घ्यायचा नाही, मध्येच घेतला की ते हात ओढतं आणि लागलेली लाईन जाते. तान्ह्या बाळाला फोनचा उपयोग नाही, त्याला आईने अंगावर घेतलं तर ते कमी रडतं.

पालकांनी एवढं करा, मुलाच्या आवडीचा गेम आणि एखादं कार्टून घरूनच डाऊनलोड करून आणा. आमच्या वॉर्डात रेंज येत नाही.